प्रीकूलिंगची पाळी ब्लॉकचेनवर: दिंडोरी तालुक्यातलं एक प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीकडे द्राक्षांचं प्रीकूलिंग युनिट, म्हणजे काढलेला माल लगेच थंड करण्याची सोय आहे. गेल्या हंगामात या युनिटच्या वापराच्या पाळ्या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, जुनी नोंद गुपचूप बदलता न येणारी नोंदवही) टोकन म्हणून, म्हणजे हक्काच्या डिजिटल चिठ्ठ्या म्हणून, नोंदवल्या गेल्या आणि सभासदांनी त्या आपसांत फिरवून वापरल्या. मूळ प्रस्ताव याहून बराच मोठा होता. युनिटची मालकीच टोकनांमध्ये विभागायची आणि पुण्या-मुंबईच्या, जमलं तर परदेशातल्याही गुंतवणूकदारांना विकायची, असं ठरत आलं होतं. तो बेत मागे पडला आणि त्यातला एक भाग तेवढा उरला. करार आणि नियमावली लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे सगळी घडामोड जवळून पाहता आली. कंपनीचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण त्यांची तशी इच्छा आहे.

माझं मत आधीच सांगतो. टोकनमुळे एखादा हक्क एका हातातून दुसऱ्या हातात सहज जातो. पण तो हक्क मुळात आहे का आणि कुणी नाकारला तर दाद कुठे मागायची, हे टोकनात लिहून भागत नाही. त्यासाठी करार लागतो, सरकारी नोंद लागते आणि रात्री युनिटवर हजर असणारा माणूस लागतो. या तीन गोष्टी जिथे पक्क्या होत्या तिथे दिंडोरीत टोकन चाललं. जिथे त्या नव्हत्या तिथे ते चाललं नसतं.

दोन खोल्या, अठरा सभासद

निर्यातीचं द्राक्ष सकाळी लवकर काढतात, पॅकहाऊसमध्ये निवडून पेट्या भरतात आणि काही तासांतच मण्याचं तापमान चार अंशांच्या आसपास खाली आणतात. मग माल शून्य ते एक अंशाच्या शीतगृहात कंटेनरची वाट पाहतो. प्रीकूलिंगला उशीर झाला की देठ सुकतो, आणि युरोपातला खरेदीदार पेटी उघडल्यावर आधी देठाचा हिरवेपणा पाहतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवासाचे दिवस वाढल्यावर सुरुवातीच्या त्या काही तासांचं मोल आणखी वाढलं.

युनिटमध्ये प्रीकूलिंगच्या दोन खोल्या आहेत आणि एका खोलीत साधारण पाच टन माल बसतो. भरणं, थंड करणं आणि माल शीतगृहात हलवणं धरून एका भरणीला आठ तास लागतात. म्हणजे एका खोलीच्या दिवसाला तीन पाळ्या, दोन्ही मिळून सहा. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत नव्वद दिवसांचा हंगाम धरला तर ५४० पाळ्या होतात. अठरा सभासदांच्या मालाला हंगामभराचा हिशोब पुरून उरतो. अडचण फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये येते, कारण तेव्हा बहुतेकांची काढणी एकदमच असते.

त्यातही सगळ्या पाळ्या सारख्या नसतात. दुपारी पॅकिंग संपतं, म्हणून दोन ते रात्री दहाची पाळी सगळ्यांना हवी असते. रात्री दहाची चालते. सकाळी सहाची कुणालाच नको असते, कारण त्या वेळी माल अजून वेलीवर असतो.

हे वाटप वहीवर चालायचं. व्यवस्थापक फोनवर पाळी लिहून घ्यायचा, कुणी तातडी सांगितली की नाव खोडून दुसरं लिहायचा. गैरव्यवहार झाला असं मी म्हणणार नाही. पण मार्चच्या पानांवर इतकी खाडाखोड होती की कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येत नव्हतं. दोन सभासदांचं बोलणं बंद झालं ते त्याच पानांवरून.

दुसरी तक्रार बाहेर पडण्याची. तिघा सभासदांना कंपनीतून निघायचं होतं. एकाने बाग तोडून भाजीपाला सुरू केला होता, दोघांची मुलं शहरात स्थिरावली होती. त्यांचा पैसा युनिटमध्ये अडकला होता आणि तो मोकळा करायला गिऱ्हाईक नव्हतं.

मालकीचं टोकन

अध्यक्षांचा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. प्रस्ताव त्याने आणला आणि मनापासून आणला, हे आवर्जून नोंदवतो. मालमत्तेची किंमत ठरवायची, तिची समान किमतीची टोकनं काढायची, ज्याला निघायचं आहे त्याने ती विकायची, आणि बिगरहंगामात डाळिंब किंवा ढोबळी मिरची ठेवून येणारं भाडं टोकनधारकांत आपोआप वाटलं जायचं. जगात हे सुरू झालेलं आहेच. ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपला एक फंड इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवर टोकनच्या रूपात आणला. अमेरिकेत भाड्याची घरं टोकनं करून विकली जातात.

अध्यक्षांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, रात्री दोनला कॉम्प्रेसर बंद पडला तर टोकनवाला येणार का?"

"नाना, त्यासाठी व्यवस्थापक आहे ना."

"मग त्याचा पगार कोण ठरवणार? आम्ही अठरा जण, का ते पाचशे जण?"

माझ्या मते प्रस्तावाची सगळी गाठ या प्रश्नात होती. डेट्रॉइटचं उदाहरण त्या बैठकीत मी मांडलं. तिथे रिअलटी नावाच्या कंपनीने २०१९ पासून घरं टोकनं करून जगभरच्या छोट्या गुंतवणूकदारांना विकली. जुलै २०२५ मध्ये डेट्रॉइट शहराने शेकडो घरांच्या दुरवस्थेवरून त्या कंपनीवर दावा लावला. टोकनांची नोंद ब्लॉकचेनवर होती, आणि घरांच्या दुरुस्तीचा प्रश्न न्यायालयात पोचला.

आपल्याकडचा कायदा पाहिला तर अडचण आणखी आधी सुरू होते. याच तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली, त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे काय हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. तिच्या भागांची एक अट मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतो, आणि भाग दुसऱ्या सक्रिय सभासदाला द्यायचा तर संचालक मंडळाच्या संमतीने, दर्शनी किमतीला. म्हणजे पुण्याच्या गुंतवणूकदाराला भाग विकता येत नाही आणि वाढीव किमतीला तर कुणालाच नाही. भागाला टोकनचं रूप दिलं म्हणून ही अट सैल होत नाही.

मग वेगळी संस्था काढून युनिट तिच्या नावावर करायचं का? तिथे सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या कायद्याचं कलम ११एए आडवं येतं. लोकांचे पैसे एकत्र केले, ते नफ्याच्या किंवा उत्पन्नाच्या आशेने आले, कारभार दुसऱ्याच्या हाती आहे आणि गुंतवणूकदाराचं रोजच्या कामावर नियंत्रण नाही, अशा चारही गोष्टी जुळल्या की ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरते आणि तिला नोंदणी लागते. पुतण्याचा आराखडा या चौकटीत नेमका बसत होता. स्थावर मालमत्तेचे हिस्से विकण्याची कायदेशीर वाट सेबीने मार्च २०२४ मध्ये लहान व मध्यम रीटच्या (स्थावर मालमत्तेत गुंतवणूक करणाऱ्या न्यासांच्या) नियमांनी खुली केली आहे. पण ती ५० कोटींपासून पुढच्या मालमत्तांसाठी आहे आणि तिथे एका हिश्श्याची किमान किंमत दहा लाख रुपये आहे. दोन खोल्यांच्या प्रीकूलिंगला तिचा उपयोग नाही.

शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते, हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम आजही तसाच उभा आहे. शिवाय इमारत आणि यंत्रं बँकेकडे तारण होती, आणि तारण मालमत्तेचे हिस्से बँकेच्या संमतीशिवाय कुणाला देता येत नाहीत. शाखाधिकाऱ्याने एका भेटीत तसं स्पष्ट सांगितलं.

कराचा मुद्दा सगळ्यांत बोचरा निघाला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टो चलन आणि टोकनांसारख्या गोष्टींच्या, हस्तांतरावरच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणला. तोटा दुसरीकडे वजा होत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून व्यवहारावर एक टक्का उद्गम करकपातही (टीडीएस) सुरू झाली. जून २०२२ च्या अधिसूचनेने काही एनएफटींना, म्हणजे प्रत्येक वेगळं ओळखता येणाऱ्या टोकनांना, यातून वगळलं आहे. ज्यांच्या हस्तांतराबरोबर मूर्त वस्तूची मालकी खरोखर बदलते आणि तो बदल कायद्याने अमलात आणता येतो, ती एनएफटी या व्याख्येत येत नाहीत. थोडक्यात, सरकारनेही बोट तिथेच ठेवलं: टोकनमागचा हक्क न्यायालयात टिकतो का? आमच्या बाबतीत तो टिकत नव्हता, म्हणून सवलतही मिळणार नव्हती.

आपल्याकडे मालाचं टोकन आधीपासून आहेच, हेही इथे सांगायला हवं. २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदणीकृत गोदामात धान्य ठेवलं की परक्राम्य पावती मिळते. २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक झाली. ती एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाते आणि बँक तिच्यावर कर्ज देते. त्या पावतीमागे ब्लॉकचेन नाही. कायदा आहे, नियामक आहे आणि गोदामवाल्याची जबाबदारी आहे. मालकीचं टोकन मागे घेण्याचा ठराव ज्या सभेत झाला तिथे या उदाहरणाने लोकांचा गोंधळ बराच दूर झाला, आणि पुतण्यालाही ते पटलं.

फडाची आठवण

उरला पाळ्यांचा प्रश्न. तिथे तोडगा निघाला तो एका वयस्कर सभासदाच्या बोलण्यातून. त्यांचं आजोळ बागलाणातलं, मोसम नदीच्या काठचं. तिथे आणि पांझरेच्या खोऱ्यात नदीवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटायची शेकडो वर्षांची रीत आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असते, एका फडात एक पीक असतं आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. पाणी कमी पडलं की काही फड कोरडे ठेवतात, पण त्यामुळे एकच माणूस बुडत नाही. पाणी सोडायला पाटकरी असतो आणि त्याचा मोबदला लाभधारक देतात.

"पाळ्या तशाच वाटा," ते म्हणाले. "प्रत्येकाचं थोडं थोडं प्रत्येक फडात."

आम्ही अक्षरशः तसंच केलं. नव्वद दिवसांचे तीस-तीस दिवसांचे तीन फड केले. ५४० पैकी दहावा हिस्सा, म्हणजे ५४ पाळ्या, बिघाड आणि अवकाळीसाठी समितीकडे राखीव ठेवल्या. उरलेल्या ४८६ तीन फडांत वाटल्या, दर फडात १६२. अठरा सभासदांना प्रत्येकी नऊ पाळ्या आल्या: तीन सकाळच्या, तीन दुपारच्या, तीन रात्रीच्या. ज्याचा माल पहिल्या फडातच संपतो त्याच्याकडे तिसऱ्या फडाच्या नऊ पाळ्या शिल्लक राहतात आणि उशिराच्या बागेवाल्याला त्या हव्या असतात. आपसांतल्या देवाणघेवाणीला इथे खरी जागा आहे.

वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी पाळ्यांचं पाणी मोजून घ्यायची सवय या भागाला लावली आहे. त्यामुळे "हक्काची पाळी" ही कल्पना सभासदांना नवी नव्हती. ती फोनवर दिसणार, एवढंच नवीन होतं.

नोंदवही कशी बांधली

एकमेकांसारखी टोकनं इथे चालणार नव्हती, कारण दुपारची पाळी आणि सकाळची पाळी यांचं मोल वेगळं आहे. म्हणून प्रत्येक पाळीला स्वतंत्र टोकन दिलं: खोली, तारीख, वेळ. इथेरियमच्या मानकांतलं ईआरसी-४९०७ हे भाड्याने द्यायच्या टोकनांसाठी २०२२ मध्ये पक्कं झालं. त्यात मालक आणि वापरकर्ता या दोन भूमिका वेगळ्या असतात आणि वापराला मुदत घालता येते. मुदत संपली की वापरकर्त्याचा हक्क आपोआप संपतो. आमच्या रचनेत मालक कायम कंपनी आणि वापरकर्ता सभासद. चार्टर्ड अकाउंटंटने सावध भूमिका घेतली, ती मला योग्य वाटते. पाळीला रुपयांत भाव नाही. ती बाहेर विकता येत नाही. अदलाबदल म्हणजे दोघांनी आपापली पाळी कंपनीला परत करायची आणि कंपनीने ती दुसऱ्याच्या नावे नव्याने द्यायची. वापराचं शुल्क रुपयांत, बँकेतून, पावतीसह.

मध्यस्थच नको या स्वप्नाला यामुळे थोडा धक्का बसतो, हे खरं. पुतण्याला ते खुपलं. पण अदलाबदलीला कंपनीची संमती आपोआप मिळते, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, आणि सभासदांना त्याचंच अप्रूप होतं.

कुणालाही खुल्या असलेल्या सार्वजनिक साखळीऐवजी हायपरलेजर बेसू या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवर परवानगीचं, म्हणजे ठरलेल्यांनाच प्रवेश असलेलं, जाळं उभारलं. त्याच्या तीन प्रती ठेवल्या, कंपनीचं कार्यालय, पॅकहाऊस आणि लेखापरीक्षकाचं कार्यालय अशा तीन ठिकाणी. एकट्या व्यवस्थापकाला किंवा एकट्या अध्यक्षांना जुनी नोंद बदलता येत नाही. चुकीची दुरुस्ती करायची तर नवी नोंद वर चढते, जुनी खाली तशीच दिसते. खरं सांगायचं तर अठरा ओळखीच्या माणसांना पानं क्रमांकित केलेली, सह्यांची वहीसुद्धा पुरली असती. इथे वहीवरचा विश्वासच उडालेला होता, म्हणून हा खर्च मला रास्त वाटतो.

दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावायचा आग्रहही झाला: टोकन दाखवलं की दार उघडणार. जर्मनीतल्या स्लॉक.इट या कंपनीने २०१५ च्या सुमारास हीच कल्पना मांडली होती. सायकल, घर, कपाट असं काहीही मध्यस्थाशिवाय कुलूप उघडून भाड्याने द्यायचं. त्याच मंडळींच्या पुढाकारातून 'द डीएओ' हा सामूहिक निधी उभा राहिला, आणि जून २०१६ मध्ये करारातल्या एका त्रुटीतून त्यातले सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) काढून घेतले गेले. संगणकीय करारातली चूक किती महाग पडते याचा तो धडा सगळ्या क्षेत्राने घेतला. आमच्याकडे असं कुलूप न लावण्याचं कारण साधं होतं. मालाने भरलेली पिकअप दाराशी उभी आहे आणि फोनला रेंज नाही, तर दार उघडायला माणूसच हवा. कुलपाची किल्ली व्यवस्थापकाकडेच राहिली.

डिजिटल किल्लीचा, म्हणजे टोकन आपलंच आहे हे सिद्ध करणाऱ्या फोनमधल्या गुप्त संकेताचा, प्रश्न जास्त नाजूक होता. सभासद वडील, फोन मुलाच्या हातात, सातबारा अजून आजोबांच्या नावावर, अशी घरं इथे कमी नाहीत. फोन हरवला किंवा सभासद वारला तर खुल्या साखळीवरचं टोकन तिथेच अडकून पडतं. म्हणून सभासद, व्यवस्थापक आणि सचिव या तिघांपैकी दोघांच्या सहीने किल्ली नव्याने देता येते, आणि वारसाची नोंद आधी कंपनीच्या सभासद नोंदवहीत होते. दोन्हींत फरक आढळला तर कंपनीची नोंदवही खरी मानायची, हे वाक्य करारात ठळक घातलं आहे. सगळ्या मसुद्यात मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

हंगाम

पहिला फड सुरळीत गेला. दुसऱ्यात अवकाळी पावसाचा अंदाज आला आणि दोन दिवसांत सगळ्यांनाच काढणी करायची होती. राखीव पाळ्या संपल्या. एका दुपारच्या पाळीसाठी दोन सकाळच्या आणि वर एक रात्रीची, असे सौदे फोनवर झाले. मागच्या वर्षी अशा वेळी ज्याची ओळख त्याला पाळी मिळायची. या वेळी कुणी काय दिलं आणि काय घेतलं हे सर्वांना दिसत होतं, त्यामुळे भांडण झालं नाही. हातोहात रोख देऊन कुणी पाळी घेतली असेल तर ती या नोंदवहीत दिसणार नाही, आणि ते कुठल्याच तंत्राने थांबणार नाही.

मग एका रात्री विजेचा बिघाड झाला आणि जनरेटरवर एकच खोली चालली. टोकन दोघांकडे, खोली एक. एकाचं म्हणणं, "माझ्याकडे पूर्ण खोलीची पाळी आहे, मी अर्धी का घेऊ?" नियमावलीत तुटवडा सर्वांनी सारखा सोसायचा असं लिहिलं होतं, फडासारखं. समितीने दोघांना अर्धी-अर्धी खोली दिली, उरलेला माल दुसऱ्या दिवशी राखीवमधल्या परत आलेल्या पाळीवर घेतला आणि निर्णयाची नोंद कारणासह साखळीवर चढवली. समिती रात्री अकराला युनिटवर आली, म्हणून हे निभावलं.

तापमानाच्या नोंदीबाबत मी अजून समाधानी नाही. खोलीतल्या प्रोबचा (तापमान मोजणाऱ्या सुईचा) आकडा दर काही मिनिटांनी साखळीवर जातो. पण प्रोब थंड हवेच्या झोताजवळ ठेवला तर आकडा लवकर खाली येतो आणि पेटीच्या मध्यातला मणी गरमच असतो. अशी खोटी घाई ब्लॉकचेन पकडू शकत नाही, ती फक्त चुकीचा आकडा जपून ठेवते. आता दोन प्रोब पेटीच्या आत, मण्यात टोचून, आणि ते सभासदाच्या माणसानेच ठेवायचे असा नियम केला आहे.

बाहेर पडणाऱ्या तिघांचं काय झालं? जो उत्पादक राहिला नाही त्याचे भाग कंपनीने परत घ्यायचे, आणि दर्शनी किंमत सोडून दुसरी किंमत मंडळाला ठरवता येते, ही कायद्यातली तरतूद वापरली. बिगरहंगामी भाड्यातून निधी बांधला आणि रक्कम हप्त्यांनी द्यायची ठरली. तिघांपैकी एकजण नाराज आहे. त्याच्या मते बाजारात जास्त मिळाले असते. त्याचं दुःख मला समजतं, पण तो बाजार अस्तित्वात नव्हता. टोकन काढल्याने विक्रीला ठेवण्याची सोय झाली असती. दिंडोरीतल्या दोन खोल्यांचा तुकडा विकत घेणारा माणूस त्यातून उभा राहिला नसता.

आता शेजारच्या दोन युनिटांनी पाळ्यांची देवाणघेवाण तिघांमध्ये मिळून करण्याची तयारी दाखवली आहे. इथे मात्र ब्लॉकचेन वहीपेक्षा सरस ठरेल असं मला वाटतं, कारण तीन कंपन्यांपैकी कुणीही दुसऱ्याची वही प्रमाण मानणार नाही. अडलं आहे ते विम्यावर. एका कंपनीच्या सभासदाचा माल दुसऱ्या कंपनीच्या खोलीत खराब झाला तर भरपाई कोणत्या पॉलिसीतून, आणि वाद झाल्यास लवाद कोण, यावर मसुदा तिघांकडे गेला आहे. लवादाची जागा नाशिक ठेवली आहे. हा करार ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी व्हायला हवा, कारण छाटणीच्या तारखा ठरल्या की कुणाचा माल कोणत्या फडात येणार याचा अंदाज सगळ्यांना येतो, आणि मग प्रत्येकजण नियमही आपल्या सोयीचा मागू लागतो.